बांधापलीकडे गेलेली दंताळी

मी एक दंताळी. सोळा दातांची होते, आता पंधरा दातांची आहे. सोळावा दात कुठे गेला तेच सांगायला बसले आहे. त्या गेलेल्या दाताची मला लाज वाटत नाही. उरलेल्या पंधरांची वाटते.

माझा जन्म उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या फ्युन बेटावरचा. क्रेस्टेन नावाचा शेतकरी होता, हाताचा कसबी आणि शब्दांचा कंजूष. त्यानं शेताला लागून असलेल्या राईतलं एक अ‍ॅशचं झाड तोडलं, त्याचा सरळ दांडा आणि आडवा माथा तासला, गावच्या लोहाराकडून लोखंडाचे सोळा दात बसवून घेतले आणि मला अंगणात आणून उभी केली. ज्या बुंध्यातून मी निघाले त्याला पुढच्याच वसंतात धुमारे फुटले. म्हणजे मला भावंडं होती, आणि अंगणातून मला ती वाढताना दिसत. 

माझं काम अंगणातलं. इथल्या शेतघरांची अंगणं बारीक खडीची, आणि शनिवारी दुपारी ती खडी विंचरायची रीत आहे. रविवारी पाहुणा येवो न येवो, खडीवर सरळ, एकसारख्या रेघा पाहिजेत. रेघा वाकड्या दिसल्या की त्या घरात काहीतरी बिनसलंय असं शेजारीपाजारी धरून चालतात. विंचरलेल्या खडीवरून कोंबडी गेली तर घरातली बाई हातातलं काम टाकून तिच्यामागे धावते, आणि मग स्वतःच्या पावलांचे ठसे मिटवायला पुन्हा मला हातात घेते.

मला ते काम फार आवडे. खोटं कशाला बोलू? मी गर्विष्ठ होते. आमच्या अंगणासारख्या रेघा पंचक्रोशीत कुणाच्या नव्हत्या.

क्रेस्टेनचा नियम एकच होता. दंताळी दगडी बांधापलीकडे जायची नाही. बांधाच्या अलीकडे अंगण आणि शेत, पलीकडे अडीच एकरांची राई. ओक, अ‍ॅश, हेझलची झुडपं, कुजत पडलेले ओंडके आणि पोटरीएवढा पाचोळा. त्याची मुलगी बोडिल सात वर्षांची असताना मला फरफटत बांधापर्यंत घेऊन गेली होती.

"कुठे निघाली स्वारी?" क्रेस्टेननं विचारलं.

"राई विंचरायला. बघा ना बाबा, किती घाण झालीय तिकडे."

"ती घाण नाही. तिकडे झोपलेत."

"कोण झोपलेत?"

"ज्यांना झोपायचंय ते," तो म्हणाला आणि मला तिच्या हातातून काढून घेऊन गेला.

एवढंच. पुढे एक शब्द नाही. त्या माणसानं तेव्हा आणखी चार वाक्यं खर्च केली असती तर माझ्यावर ही वेळ आली नसती. पण मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला मी बसलेली नाही. करणी आमची होती.

क्रेस्टेन गेला, शेत बोडिलकडे आलं. तिनं लग्न केलं नाही. "मला एका घरात दोन धनी चालायचे नाहीत," असं ती चारचौघांत म्हणायची आणि तिच्याकडे बघून कुणाला शंका येत नसे. आवाज घोड्याला थांबवेल असा, पाठ सरळ, जीभ धारदार. बापाचा नियम तिनं पन्नास वर्षं पाळला. का पाळायचा ते तिला ठाऊक नव्हतं, पण बापाचा होता म्हणून पाळला.

शेतात ती बाकला लावायची. बाकला म्हणजे वालाचाच थोरला भाऊ समजा, दाणा अंगठ्याच्या पेराएवढा. या पिकाला काळ्या माव्यासारखा, त्या रस शोषणाऱ्या बारक्या किडीसारखा, वैरी नाही. जूनच्या तोंडाला शेंड्यावर चार काळे ठिपके दिसतात आणि पंधरा दिवसांत सगळा देठ काजळीनं माखल्यासारखा होतो. आसपासचे लोक फवारणीची यंत्रं काढत. बोडिलनं पन्नास वर्षांत एकदाही फवारलं नव्हतं आणि ते ती कुणाला विसरू देत नसे.

"माझी राई करते माझं काम," ती म्हणायची. "पक्षी आहेत तिथे. भरतात पोटं."

पक्षी! तिला वाटे सगळं वर फांद्यांवर चाललंय. मलाही तेच वाटे. अंगणातून वरच्या फांद्याच दिसतात ना.

बोडिलचे गुडघे आणि कंबर बोलू लागली तेव्हा तिच्या भावाची मुलगी लोने शेत बघायला आली. तिशीची, शेतीचं शिक्षण घेतलेली, उन्हानं नाक सोललेलं. पोरगी वाईट नव्हती. कामाला वाघ होती. पण तिला शेत चौकोनी हवं होतं आणि राई नेमकी एका बाजूनं शेतात घुसलेली.

"आत्या, ट्रॅक्टर वळवताना दर वेळी या जंगलाला प्रदक्षिणा घालावी लागते मला. आणि आहे काय त्यात? अर्धी झाडं पडलेली, अर्धी पडायच्या बेतात. नुसता उकिरडा."

"उकिरडा तुझ्या डोक्यात आहे. ही राई आहे म्हणून बाकल्याला औषध लागत नाही."

"हे तू म्हणतेस. पुस्तकात निदान आकडे तरी असतात."

"मग माझं पुस्तक वाच! एक हंगाम वाच!" बोडिलनं काठी खडीवर आपटली. माझ्या रेघांवर खड्डा पडला. "या वर्षीचा बाकला बिनफवारणीचा. स्वच्छ निघाला तर राई तू आहेस तोवर उभी राहील. काळा पडला तर घाल करवत. मी तोंडातून शब्द काढायची नाही."

"नक्की?"

"मी क्रेस्टेनची मुलगी आहे."

हात मिळाले. शेत लोनेच्या नावावर पानगळीत व्हायचं होतं, आणि त्याबरोबर राईचाही निकाल लागायचा होता. बोडिलला काळजीच नव्हती. पन्नास वर्षं जे झालं ते एक्कावन्नाव्या वर्षी का होणार नाही?

आता ऐका घात कसा झाला ते.

गावाची मधल्या उन्हाळ्याची होळी दर वर्षी पाळीपाळीनं एकेका शेतावर असते. जूनच्या तेविसाव्या तारखेला लाकडांचा मोठा ढीग पेटवतात, त्याच्या टोकावर जुन्या कपड्यांची चेटकीण बसवतात, नवे बटाटे आणि स्ट्रॉबेऱ्या खातात, गाणी म्हणतात. त्या वर्षी पाळी बोडिलची. मार्च महिन्यात शेजारीण गेर्डा ठरवाठरवी करायला कॉफीला आली. गेर्डा म्हणजे पलीकडच्या शेतावरच्या ओगेची बायको, आणि गावातली सगळ्यात नीटनेटकी बाई. तिच्या घरी सरपण रचलेलं असतं तेसुद्धा आकारानुसार.

"बोडिल, होळी राईशेजारीच ना गं?" गेर्डानं केक मोडत विचारलं. "नाही, म्हटलं, येताना कंगवे आणू का आम्ही सगळ्या? तुझ्या राईचे केस विंचरून द्यायला? अंगण बघावं तर आरशासारखं आणि बांधापलीकडे अंथरुण न आवरलेल्या खोलीसारखं! लोने बिचारी म्हणते ते काही खोटं नाही."

"काय म्हणते लोने?"

"अगं, आमच्या ह्यांना म्हणत होती, ठेवण्यासारखं आहे काय त्यात."

बोडिल हसली. पण गेर्डा गेल्यावर ती खिडकीशी बराच वेळ उभी होती, आणि मग बाहेर आली, मला भिंतीवरून उचललं आणि बांधाकडे निघाली. चालता चालता स्वतःशी बोलत होती. "ठेवण्यासारखं आहे काय? दाखवते. दिवाणखान्यासारखी करते. मग बघू कुणाचा हात होतो करवत घालायला."

राई वाचवायची म्हणून तिनं राई झाडायला घेतली. हे मी आज सांगतेय तेव्हा मला हसू येत नाही.

बांधापाशी ती क्षणभर थांबली. बाप आठवला असेल. मग तिनं मला पलीकडे टाकलं आणि मागून स्वतः चढून आली.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. माझं माहेर ते. जिथून निघाले तिथे सत्तर वर्षांनी परत आले होते, माझ्या भावंडांच्या पायाशी. ओल्या पाचोळ्याचा वास आला आणि मी दात रोवले.

तीन आठवडे आम्ही दोघी राबलो. पाचोळ्याचे ढीग करून बांधालगत जाळले. पडलेल्या फांद्या, कुजलेले ओंडके होळीच्या ढिगावर नेऊन टाकले. बांधाच्या दगडांमधलं वाळकं गवत ओरबाडून काढलं. खाली काळी, गुळगुळीत माती उघडी पडली आणि मी तिच्यावर रेघा ओढल्या. झाडांच्या बुंध्यांना वळसे घालत, सरळ, एकसारख्या. अंगणात काढायचे तशाच. मी फुशारले होते.

दुसऱ्या आठवड्यात, उन्हाच्या बाजूच्या एका ओकच्या मुळाशी मी पाचोळा ओढला आणि माझ्या दातांत लाल मणी आले.

मणी नव्हते. ढालकिडे होते. लाल पाठीवर सात काळे ठिपके असलेले. इथली मुलं त्यांना बोटावर चढवतात, उद्या ऊन पडू दे असा वर देवाला निरोप देतात आणि उडवून लावतात. ते शेकड्यांनी एकमेकांना बिलगून निजले होते, डाळिंब फोडल्यासारखे. पानांच्या घड्यांत, गवताच्या बुडख्यांत, सालीखाली. आणि त्यांच्याखाली काळे चकचकीत भुंगेरे, आणखी कसले कसले पंख मिटलेले बारके जीव. माझ्या दातांनी ते घरटं मधोमध फाडलं होतं.

बोडिल वाकली. तिनं एक ढालकिडा बोटावर घेतला. तो उडाला नाही. थंडीनं गारठला होता, पाय नुसते हलवले.

"अगं बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "हे होय झोपलेले."

बघा, तिला त्या वेळी कळलं होतं. अर्धं का होईना, कळलं होतं. मीही तिथेच होते. माझा दांडा तिच्या खांद्याला टेकलेला. मी जड झाले असते, दगडात अडकले असते, काहीतरी केलं असतं. मी काही केलं नाही. माझ्या रेघा अर्ध्या झाल्या होत्या आणि मला त्या पुऱ्या करायच्या होत्या.

"आहेत पुष्कळ," बोडिल म्हणाली. "उडून जातील." तो एक किडा तिनं कोटाच्या खिशात ठेवला आणि मला पुन्हा हातात घेतलं.

ते ढीग पेटवले तेव्हा तडतड आवाज येत होता. ओल्या पानांचा येत नाही तसा आवाज. आम्ही दोघींनी तो ऐकला. जे जाळातून सुटले त्यांना मार्चच्या शेवटच्या गोठलेल्या दहिवरानं उघड्या मातीवर गाठलं.

उत्तरेचा एक कोपरा तेवढा राहिला. तिथे एक जुना ओक आडवा पडलाय. त्याच्या मुळात माझा सोळावा दात अडकला आणि कडाडून निखळला. बोडिलची कंबर तोवर धरलीच होती. "राहू दे," ती म्हणाली, "हा कोपरा कुठे कुणाला दिसतोय." आणि आम्ही परत आलो. माझ्या आयुष्यात मी केलेलं एकच चांगलं काम, आणि तेही चुकून घडलेलं.

मे सरता सरता बाकल्याच्या शेंड्यांवर काळे ठिपके आले. दर वर्षी येतात. बोडिल वाट बघत राहिली. दर वर्षी चार-आठ दिवसांत ढालकिडे झाडांवर चढायचे, त्यांच्या काळपट अळ्या मावा फस्त करायच्या, फुलांपुढे हवेत थबकणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या माश्या येऊन अंडी घालायच्या. त्या वर्षी कुणी आलं नाही. इकडून तिकडून वाट चुकल्यासारखा एखादा ढालकिडा दिसे. पक्षी वर गात होते. खुशाल गात होते. त्यांच्यानं एवढा मावा थोडाच आवरणार होता!

जूनच्या मध्यापर्यंत देठ काळे झाले. पानं मुडपली, चिकट झाली, त्यावर मुंग्यांची रांग. बोडिल रोज सकाळी शेंडे खुडत फिरायची, बादलीत टाकायची. पन्नास वर्षांत न वाकलेली पाठ वाकवून.

"आत्या, काळा पडला," लोने बांधावर बसून म्हणाली. खोचकपणे नाही, उलट संकोचूनच.

"दक्षिणेचा वारा आहे या वर्षी. त्यानं आणलाय."

"वारा दर वर्षी असतो."

"मेमध्ये पाऊस कुठे पडला? रोप तहानलेलं असलं की मावा धरतो. हे नसतं का तुमच्या पुस्तकात?"

लोनेनं एक चिकट शेंडा खुडून बादलीत टाकला. मी भिंतीवर टांगलेली होते. माझ्या दातांत अजून मार्चची माती होती.

होळीच्या दिवशी दुपारी गेर्डा हातात पेंढ्याची चेटकीण घेऊन आली. "नाक गाजराचं केलंय, झाडू दिलाय, पण अंगात घालायला काही नाही. बोडिल, तुझा एखादा जुना कोट दे ना गं. तिला शोभेल!"

"माझा कोट घातला तर गाव ओळखेल मला," बोडिल म्हणाली.

"गाव तसंही ओळखतं!" गेर्डा खो खो हसली.

बोडिलनं खुंटीवरचा कामाचा कोट काढला आणि द्यायच्या आधी खिसे उलटे केले. सुतळीचा तुकडा, एक खिळा, आणि वाळलेला, पाय आवळून घेतलेला तो ढालकिडा. तळहातावर पडला. लाल रंग अजून तसाच.

"काय गं, काय झालं?" गेर्डानं विचारलं. "पांढरी पडलीस."

"काही नाही. ने तो कोट."

तिनं तो किडा पुन्हा दुसऱ्या खिशात, अंगातल्या झग्याच्या खिशात ठेवला.

संध्याकाळी सगळं गाव जमलं. इथल्या उन्हाळ्यात सूर्य जायला मागत नाही, लख्ख उजेड होता. मला ढिगाजवळ आणून ठेवलं होतं, निखारे आत ढकलायला. लोक राईत फिरून आले आणि वाखाणणी सुरू झाली. "देऊळ गं देऊळ!" "जमिनीवर बसून जेवावं!" गेर्डा तर म्हणाली, "बोडिल, तुला आता माझ्या घरी शिकवणीला यायला नको, मीच येते!"

ओगे मात्र शेताच्या कडेला उभा होता. जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस, पण डोळे शेतकऱ्याचे.

"ए बोडिल, इकडे ये जरा. हे काय प्रकरण? सगळा बाकला काळा कुळकुळीत, आणि हा उत्तरेचा तुकडा हिरवागार. पावलं मोजली मी, चाळीस. चोरून फवारलंस की काय? खरं सांग, कुणाला सांगत नाही. फक्त गेर्डाला सांगेन, म्हणजे झालंच!"

लोक हसले. बोडिलनं वळून बघितलं. चाळीस पावलं हिरवी, आणि त्यांच्यासमोर बांधापलीकडे तो आडवा ओक, पोटरीएवढा पाचोळा, माझा अडकलेला दात. तिचा हात खिशात गेला.

लोनेही बघत होती. "आत्या? तिथेच का नाही पडला मावा?"

सांगण्याची वेळ तीच होती. सगळं गाव समोर होतं, पुरावा समोर होता, राई उभी होती. बोडिलनं तोंड उघडलं. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "माती वेगळी असेल तिकडची," आणि बोडिल म्हणाली, "हो. माती वेगळी आहे."

मग ढीग पेटवला. राईतले सगळे ओंडके त्यात होते, आणि त्या ओंडक्यांच्या सालीखाली राहिलेले जे काही होते तेही. जाळ वर चढला आणि चेटकिणीला लागला. बोडिलचा कोट बाह्या पसरून उभा राहिला, पुढून पाठीकडे दुमडला, आणि लोक गाऊ लागले. बोडिल गात नव्हती. जळत्या कोटाकडे बघत होती. मला हातात धरून. तिच्या हाताला घाम आला होता, दांड्यावर अजून त्याचा डाग आहे.

लोने जवळ आली. "ठरलंय ते ठरलंय ना, आत्या?"

"हो," बोडिल म्हणाली.

जुलैत त्या शेतावर पहिल्यांदा फवारणीचं यंत्र फिरलं. दुसऱ्या सकाळी अंगणातल्या खडीवर मधमाश्या पडल्या होत्या. शनिवारी त्या मी माझ्याच दातांनी गोळा केल्या.

तुम्ही म्हणाल, एवढं मनाला लागलं होतं तर बोलली का नाही ती बाई? सोपं वाटतं. पन्नास वर्षं जिनं साऱ्या गावाला राईवरून सुनावलं, तिनं उठून म्हणायचं की मला राई म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं? आणि हेही म्हणायचं की कळल्यावरही मी हात थांबवला नाही? माणसाला खून कबूल करणं त्याहून सोपं जात असेल. ती चार महिने गप्प राहिली. जेवण कमी झालं. शनिवारी खडीवर काढलेल्या रेघा वाकड्या यायच्या. तिनं त्या पुसल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये लोनेनं करवत आणली. शेत नावावर झालं होतं. झाडांच्या बुंध्यांना लाल रंगाची कडी काढली आणि विंचरलेल्या बाजूनं सुरुवात केली. ओगे लाकडं भरायला ट्रॅक्टर घेऊन आला होता. पहिल्या दिवशी पाच झाडं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी तीन. मग ती एका अ‍ॅशपाशी आली. चार बुंधे एकाच खोडातून निघालेले. माझी भावंडं.

करवतीचा आवाज अंगणापर्यंत आला. लाकूड चिरल्याचा वास मला लांबून कळतो. एक बुंधा पडला.

तेव्हा बोडिल घरातून निघाली. तिनं मला भिंतीवरून घेतलं, काठीसारखं टेकत, कंबर सांभाळत बांधाकडे गेली आणि ओरडली. घोड्याला थांबवायचा तोच आवाज.

"लोने! बंद कर!"

लोनेनं करवत थांबवली. "आत्या, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. पण तू जिंकलेली नाहीस. मी लबाडी केलीय."

ओगे ट्रॅक्टरवरून खाली उतरला. बोडिलनं त्याच्याकडे बघितलं. तो गेला असता तर बरं झालं असतं, पण तिनं त्याला जायला सांगितलं नाही. खिशातून तो लाल, वाळका ढालकिडा काढला, लोनेच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मार्चपासून. पाचोळा, तडतड आवाज, कोट, चाळीस पावलं. एकही शब्द गाळला नाही. माझ्यावरही ढकललं नाही.

"माती वेगळी नाही," ती म्हणाली. "माती सगळीकडे तीच आहे. तो कोपरा मी झाडला नाही, एवढंच."

लोनेचा चेहरा लाल झाला. "आणि मला दोन दिवस तोडू दिलंस? बघत बसलीस?"

"दोन दिवस नाही गं. चार महिने."

"आठ झाडं, आत्या! हे नववं!"

"माहीत आहे. मोजली मी. खिडकीतून."

लोनेनं करवत खाली ठेवली. मग ओगे घसा खाकरून म्हणाला, "आमच्या गेर्डानं कंगव्याचं बोलायला नको होतं." बोडिल त्याच्यावर उसळली, "तिनं विनोद केला. विंचरलं मी!"

लोने उत्तरेच्या कोपऱ्याकडे गेली. आडव्या ओकपाशी गुडघ्यांवर बसली आणि हातानं पानं हळूच बाजूला केली. ऑक्टोबर होता. झोपणारे परत येऊ लागले होते. पानांच्या घडीत तीसचाळीस लाल ठिपके, एकमेकांना खेटून. एकजण अजून जागा शोधत चालत होता. लोनेनं पानं होती तशी पुन्हा वर ओढली. अंथरुण नीट करावं तशी.

परत आली तेव्हा ती चिडलेलीच होती. "उरलेली झाडं राहतील," ती म्हणाली. "पण तुझ्यासाठी नाही. हे तू मला जूनमध्ये सांगायला हवं होतंस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

"हो," बोडिल म्हणाली. मग तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, गुडघ्यावर मोडायला. "ही तरी जाळून टाकते."

"का?" लोने म्हणाली. "ती काय आपल्या पायांनी गेली होती? आणि आता काही जाळायचं नाही इथे. जिथे झाडलंय तिथेच टाक तिला."

बोडिलनं मला नऊ तोडलेल्या खोडांच्या मध्ये, उघड्या मातीवर आडवं ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

याला आता तिसरी पानगळ. लोनेनं खडीचं अंगण सोडून दिलंय, शनिवारी तिथे कुणी रेघा काढत नाही. गेर्डा जाता-येता टोमणा मारते आणि बोडिल खुर्चीवरून ओरडते, "तुझ्या डोळ्यांना झापडं लावून जा!" बोडिल कॉफीचा पेला घेऊन बांधावर येऊन बसते, पण पलीकडे पाय टाकत नाही. लोने तिच्याशी बोलते. पूर्वीसारखं नाही, पण बोलते. पहिल्या वर्षी बाकला पुष्कळ काळा पडला, दुसऱ्या वर्षी पट्ट्यापट्ट्यांनी. या वर्षी उत्तरेकडून सत्तर पावलं स्वच्छ होता. माझ्या समोरचा तुकडा अजून काळाच होता. तो मला रोज दिसतो. दिसायलाच हवा.

माझ्यावर पानं साचली आहेत. दातांना गंज चढलाय, दांडा मऊ पडत चाललाय. अ‍ॅशच्या नवव्या खोडाला धुमारे फुटलेत. मी त्यांच्याकडे मान वर करून बघत नाही.

मागच्या आठवड्यात एक ढालकिडा आला. माझ्या माथ्यावरून चालला, पुन्हा मागे वळला, आणि सोळावा दात जिथून निखळला त्या भोकात शिरला. मग दुसरा आला. आता सात आहेत. थंडी वाढली तसे एकमेकांना बिलगून बसलेत, माझ्या आत. मी कोण आहे ते त्यांना माहीत नाही, आणि ते सांगायला माझ्याजवळ तोंड नाही.

तुमच्याही शेताच्या कडेला चार झाडं असतील, बांधावर झुडपं असतील, त्यांच्याखाली पाचोळा असेल. अंगण झाडा, रेघा काढा, मिरवा हवं तर. पण बांधाशी आलात की हातातलं खाली ठेवा. आणि चुकून पलीकडे गेलातच, दातांत काही लाल आलंच, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी मोठ्यानं सांगा.

आता मी गप्प राहते. माझ्या आत झोपलेत.